आतल्या खोलीतला माल

जगात फुकट म्हणून काही नसतं, आणि कुणी काही फुकट देत असेल तर त्याची किंमत त्यानं आपल्या दुसऱ्या खिशातून आधीच काढून घेतलेली असते, यावर माझ्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी एखाद्या संन्याशाची परमेश्वरावरही नसेल. ते देवळात गेले तरी प्रसाद हातावर पडल्यावर आधी पुजाऱ्याकडे पाहतात, मग प्रसादाकडे. कलिंगडवाल्यानं कापून पुढे केलेली फोड त्यांनी आजवर तोंडात घातलेली नाही. "ती दाखवायची फोड असतीय, खायची न्हाय," असं म्हणून ते ढिगाच्या अगदी तळातलं कलिंगड काढायला लावतात, आणि वरची सगळी कलिंगडं रस्त्यावर गडगडत गेली की ती गोळा करायला मला पाठवतात. माझं लग्न झालं तेव्हा मी नुकताच वीजबिलाच्या ऑफिसात चिकटलो होतो. हे कळताच साडूंनी मला मांडवातच बाजूला घेतलं. माझ्या कपाळाला मुंडावळ्या, हातात नारळ, आणि हे कानाशी लागून विचारतायत, "खरं सांगा, मीटर पळवता का न्हाय तुमी?" मी नाही म्हटलं. तेव्हा ते अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला आणि माझ्या थोरल्या मेहुणीला म्हणाले, "लई पटकन न्हाय म्हणाला. नजर ठेवाया पायजे." ती नजर माझ्यावर पुढे कित्येक वर्षं होती.

साडूंचं सोलापुरात चादरींचं दुकान आहे. घराणं मूळचं अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळे घरात कानडी, गल्ल्यावर मराठी आणि माल घेऊन येणाऱ्या विणकरांशी तेलुगू असा त्यांचा कारभार चालतो. पण संशय घ्यायचा झाला की ते कुठल्याही भाषेतून थेट कानडीत उतरतात. 'सुळ्ळू' म्हणजे खोटं. हा शब्द ते असा काही उच्चारतात की समोरच्याला आपण खरं बोलत असलो तरी लाज वाटते. वर्तमानपत्र वाचताना, हवामानाचा अंदाज ऐकताना, लग्नपत्रिकेत मुलीच्या नावापुढची पदवी पाहताना त्यांच्या तोंडून हा शब्द आपोआप बाहेर पडतो.

आता असा माणूस स्वतः धंदा कसा करत असेल, असं वाटेल. तर तो फार सुंदर करतो. त्यांच्या दुकानाला मागे एक आतली खोली आहे. जुनं गिऱ्हाईक आलं की साडू बाहेरच्या चादरी दाखवतात, दोन-चार उलगडतात, आणि मग एकदम थांबून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतात. "तुमाला हे न्हाय द्यायचं मला," असं जरा दुखावल्यासारखं म्हणतात. आत जातात. बराच वेळ येत नाहीत. मग एक चादर दोन्ही हातांवर झेलत, तान्हं मूल आणावं तशी घेऊन येतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "ही तुमच्यासाठी ठिवली हुती." गिऱ्हाईक विरघळतं. मीही कित्येक वर्षं विरघळत होतो. माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ती चादर दाखवून सांगायचो, की ही बाहेर मिळत नाही, आतल्या खोलीतली आहे, साडू आहेत म्हणून मिळाली. मग एकदा दुपारी दुकानात लवकर गेलो, तर साडू बाहेरच्याच थप्पीतल्या चादरी उचलून आत नेऊन ठेवत होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "आसं बगू नका. चादर एकच असतीय. पण आतून आलेली चादर माणूस जपून वापरतंय. मग ती टिकती की जास्त."  माझी आतली चादर खरोखरच अजून टिकली आहे.

या चादरींच्या माणसाच्या आयुष्यात एक गिटार आहे. तरुणपणी साडू ऑर्केस्ट्रात वाजवायचे. लग्नं, गणपती, गावोगावच्या जत्रा, सगळीकडे. पुण्याला जाऊन त्यांनी एका नामांकित कंपनीची गिटार आणली, ती आणताना गाडीत सबंध रस्ता मांडीवर धरून आणली, आणि अक्का सांगते की स्वतःच्या मुलीलाही त्यांनी दवाखान्यातून इतकं सांभाळून आणलं नव्हतं. पण वाजवण्यापेक्षा त्यांचं नाव झालं ते कानामुळे. साडू स्टेजच्या मागे बसून साऱ्या ऑर्केस्ट्राचे सूर लावून द्यायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला, साडूंनी गल्ला सांभाळला, तरी तो कान काही बंद पडला नाही. अजूनही रविवारी दुकान बंद असलं की गावातले वाजवणारे आपापल्या गिटारी घेऊन त्यांच्याकडे येतात. आता सूर लावायची यंत्रं मिळतात, गिटारीच्या टोकाला चिमट्यासारखी लावायची, सूर जुळला की हिरवा दिवा लागतो. साडूंना ते दाखवलं तर म्हणाले, "हिरवा दिवा बगून तुमी सोलापुरात रस्ता तरी वलांडता का? मग?" त्या कानावर त्यांचा इतका भरवसा की जगात संशय न घेण्याजोगी ती एकच वस्तू त्यांच्याकडे असावी. माझ्या कानांविषयी मात्र त्यांचं मत एका वाक्यात संपतं. "तुमचे कान चष्मा अडकवायला दिलेत." ते खोटं नाही. मला राष्ट्रगीत ओळखू येतं, तेही लोक उभे राहतात म्हणून.

तर त्या गिटार कंपनीनं साडूंना गाठलं. झालं असं, की एकदा त्यांनी तारांचा जोड मागवताना आपला मोबाइल नंबर दिला, आणि जुनी गिटार कुठली, कधीची, हेही भोळेपणानं सांगून टाकलं. एवढा एक भोळेपणा त्यांनी आयुष्यात केला आणि तो त्यांना भोवला. कंपनी त्यांना 'आमच्या परिवारातले ज्येष्ठ सदस्य' म्हणायला लागली. वाढदिवसाला त्यांच्या फोनवर गिटारीच्या आकाराचा केक आला, अर्थात चित्रातला. "परिवार काय? मग तुमच्या अक्काच्या ऑपरेशनला कोण डबा घेऊन आलं न्हाय ते," साडू म्हणाले. पुढे सणावारी निरोप येत राहिले. तुमच्यासारख्या मोजक्या रसिकांसाठीच आम्ही खास श्रेणी काढली आहे. सर्वांसाठी नाही. मर्यादित आहे. तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. हे शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा साडू गल्ल्यावरून उभेच राहिले. "आरं, हे तर माझंच वाक्य की!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता की एका दुकानदाराला दुसरा दुकानदार भेटल्याचा आनंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्यानंतर त्यांचा संशय वेगळ्याच दिशेनं वाढला. कंपनीच्या तारा पूर्वीसारख्या वाजत नाहीत, असं ते म्हणू लागले. बारीक तारेचा झणकार गेलाय. का गेला? तर खास श्रेणी खपावी म्हणून. जुन्या गिऱ्हाइकाला साधी तार मुद्दाम मुकी करून द्यायची, म्हणजे तो कंटाळून महागड्या गिटारीकडे वळतो. मला हे पटलंही, कारण कंपन्या काय करतील याचा नेम नसतो. मग ते म्हणाले, स्कूटरवाल्यांनीही तेच केलंय. इंडिकेटरची टिकटिक काढून टाकलीय, आवाजाचे पैसे वाचवले. त्यामुळे साडू भागवत टॉकीजपासून घरापर्यंत उजवीकडे वळण्याचा दिवा तसाच चालू ठेवून सरळ यायला लागले आणि मागचे लोक त्यांच्या कुळाचा उद्धार करायला लागले. मग मोबाइलवाल्यांनी घंटी बारीक केली, घड्याळवाल्यानं हलका सेल घातला, आणि अक्काला बांगड्या भरणाऱ्या कासारानंही काचेत काहीतरी भेसळ केली. जिथून म्हणून आवाज यायचा बंद झाला तिथे साडूंना एकेक कंपनी उभी दिसायला लागली. त्याच सुमारास त्यांनी एक नवी खोड लावून घेतली. गिटारीचा सूर लावताना ते हनुवटी तिच्या लाकडावर टेकवायचे आणि दात घट्ट मिटून बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "लाकूड बदललंय का, ते दातांना कळतंय." मला वाटलं, सूर लावण्याची ही वरची पायरी असेल. मला काय कळतंय?

मग कंपनीनं सोलापुरात मेळावा ठेवला. सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात, जुन्या ग्राहकांसाठी, चहा-फराळासह. साडूंना निमंत्रण आलं तेव्हा ते म्हणाले, जायचं, पण फराळाला हात लावायचा नाही, खाल्लं की माणूस मऊ होतो. म्हणून अक्कानं घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेतली आणि आम्ही तिघं निघालो.

सभागृहात बाहेरच्या बाजूला साध्या गिटारी मांडल्या होत्या आणि मागे जांभळा मखमली पडदा लावला होता. साडूंनी पडदा बघितला आणि माझ्या बरगडीत कोपर मारलं. "आतली खोली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा जत्रेतल्या मुलासारखा फुलला होता. कंपनीतर्फे एक पंचविशीतली मुलगी आली होती, हसरी, बोलकी, चांगली वाजवणारी. तिनं बाहेरच्या दोन गिटारी दाखवल्या, मग एकदम थांबली आणि साडूंकडे बघून म्हणाली, "काका, तुम्हाला खरं तर हे दाखवण्यात अर्थ नाही." साडूंनी डोळे मिटून घेतले. एखाद्या जुन्या गवयानं दुसऱ्याची जागा ऐकून मान डोलवावी तशी त्यांनी मान डोलवली. पडद्यामागं गेल्यावर तिनं एक गिटार काढली, नवी कोरी, पण कडा झिजलेल्या, रंग उडालेला, अंगावर ओरखडे. तिला मुद्दाम असं जुनं केलेलं असतं आणि त्याचेच जास्त पैसे असतात, असं तिनं समजावून सांगितलं. साडूंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे उद्यापासनं मी चादरीला भोक पाडून इकू?" दुसरी गिटार फार जुन्या झाडाच्या लाकडाची होती. "झाडाचा जन्मदाखला हाय का?" साडू म्हणाले. मुलगी हसली, रागावली नाही. तेव्हाच ती मला आवडली.

शेवटी साडूंनी आपली परीक्षा मांडली. बाहेरची साधी गिटार आत आणायला लावली. "मी पाठ करून बसतो. तुमी दोनी वाजवा. फक्त बारीक तार, आणि हळू. आरडाओरडा करून कुठली पण वाजती. हळू वाजल्यावर कळतंय, लाकूड काय हाय ते." एवढं बोलून ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मागे कुतूहलानं आणखी दोघंतिघं येऊन उभे राहिले होते. साडूंच्या कानाची ख्याती त्यांनाही ठाऊक होती, त्यामुळे सगळे गप्प झाले.

मुलीनं साध्या गिटारीची बारीक तार हळूच छेडली. मग ती खाली ठेवून दुसरी घेतली आणि तीच तार तशीच छेडली. खोटं कशाला सांगू, माझ्यासारख्या माणसाच्याही अंगावर काटा आला. पहिली वाजली आणि थांबली. दुसरी वाजली आणि थांबेचना, ती त्या पडद्याच्या आत बराच वेळ राहिली. जुन्या झाडाचं काही का असेना, त्या लाकडात काहीतरी होतं. आम्ही सगळे साडूंच्या पाठीकडे बघत होतो.

साडू भिंतीकडे बघत म्हणाले, "हं. करा की सुरू."

 मुलीचा हात तारेवर तसाच राहिला होता. तिनं अक्काकडे बघितलं. अक्काच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला हे आज कळलेलं नाही, ती हे बरेच दिवस एकटी सांभाळत आली आहे.  स्कूटरची टिकटिक, मोबाइलची घंटी, बांगड्या, सगळं एका रांगेत माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. अक्का पुढे झाली, साडूंच्या खांद्यावर हात ठेवून नेहमीच्या ठणठणीत आवाजात म्हणाली, "आवो, वाजवून झाल्या की दोनी. तुमी कुटल्या इचारात हाय? सारख्याच वाजल्या."

साडू गर्रकन फिरले. क्षणभर गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. "सारख्याच न्हवं? मी काय म्हणत हुतो! सुळ्ळू! सगळं सुळ्ळू!" त्यांनी मुलीकडे बोट रोखलं. "सांगा तुमी. सारख्या हायत का न्हाय?"

त्या मुलीला तिथे गिटारी विकायलाच पाठवलं होतं. बाहेर तिचे साहेब होते, मागे दोघंतिघं गिऱ्हाइकं उभी होती. तिनं ती जुन्या झाडाची गिटार हळूच खाली ठेवली आणि म्हणाली, "हो काका. सारख्याच आहेत."

साडूंनी विजयी मुद्रेनं शेंगाचटणी काढली आणि तिला भाकरीचा तुकडा खायला लावला. मला वाटलं, निभावलं.

पण आम्ही बाहेर पडून रिक्षात बसलो. रिक्षा पार्क चौकातून वळली, त्यांच्या आवडीच्या भज्यांचा गाडा गेला, तरी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली नाही. अक्कानं विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "पोरगी सारख्याच हायत म्हणाली." अक्का म्हणाली, खरं बोलली बिचारी. साडूंनी मान हलवली. "इकणारा माणूस आसं म्हणत न्हाय. मी आख्ख्या जन्मात गिऱ्हाइकाला 'सारखंच हाय' म्हणलोय का? जीव गेला तरी म्हणणार न्हाय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तिला माझी दया आली. कशाची आली, ते बगाया पायजे." अक्कानं तोंड रस्त्याकडे वळवलं. मी माझा चष्मा पुसायला काढला आणि घर येईपर्यंत पुसत राहिलो.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. दुकान बंद होतं, फळी अर्धी उघडी. आतल्या खोलीत या म्हणाले. त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे गिऱ्हाईक जात नाही, तिथून माल बाहेर येतो. आत चादरींच्या दोन थप्प्या, एक स्टूल, आणि मांडीवर जुनी गिटार घेतलेले साडू. बाजूला कुणीतरी सूर लावायला ठेवून गेलेली आणखी एक गिटार होती. मला थप्पीवर बसवून ते म्हणाले, "बारीक तार मला ऐकू येत न्हाय. जाड अजून येतीय. दात टेकवले की थोडी बारीक पण कळतीय." हे त्यांनी भाव सांगावा तसं सांगितलं.  मी म्हटलं, कधीपासून माहीत होतं? ते गिटारीच्या लाकडावरून हात फिरवत राहिले. "मनात यायचं मधनं मधनं. पण कंपनीवर घातलं की बरं पडायचं हो. कंपनीला वाईट वाटत न्हाय."

त्याच आठवड्यात कानाच्या मशिनवाल्याकडे अक्का त्यांना घेऊन गेली होती. तिथे साधं, चांगलं आणि खास अशी तीन मशिनं मांडली होती, आणि खास आतून आणलं. साडू तसेच उठून घरी आले. पुढे कधीतरी घेतील, अक्का पाठ सोडणार नाही. पण रविवारी लोक गिटारी घेऊन यायचे थांबलेले नव्हते, आणि साडूंना ते थांबायला नको होते. म्हणाले, "तुमच्या अक्काला विचारून भागत न्हाय. ती मला वाईट वाटू नये म्हणून काय पण सांगंल. वाजवणारी पोरं पण मान ठिवत्याल. तुमीच पायजे." मी घाबरून म्हटलं, मला सूर कळत नाही, तुम्हाला माहीत आहे. "म्हणूनच," साडू म्हणाले. "खोटं बोलायला आधी सूर कळाया लागतंय."

मग त्यांनी मला शिकवलं. एका तारेवर बोट दाबून ते दुसऱ्या तारेचाच सूर काढतात आणि दोन्ही एकदम छेडतात. जुळल्या नसतील तर आवाज थरथरतो, दोघींचं भांडण चालल्यासारखा. जुळत आल्या की ती थरथर संथ होते आणि मग मिटते. "तुमी सूर सांगू नका. भांडण मिटलं का, एवढंच सांगा." लग्नाच्या मांडवात माझ्यावर ठेवलेली नजर ते पहिल्यांदाच काढून घेत होते, आणि मला ती अजून काही दिवस राहिली असती तरी चाललं असतं, असं वाटून गेलं.

आता रविवारी दुपारी आम्ही दोघं आतल्या खोलीत बसतो. बाहेर बाकावर वाजवणारे चहा पीत थांबलेले असतात. साडूंचा कान अजून कसा तीक्ष्ण आहे, याबद्दल ते आपसात बोलत असतात. आत साडू हनुवटी लाकडावर टेकवतात, तारा छेडतात आणि माझ्याकडे बघतात. मी डोळे मिटतो, चष्मा काढून ठेवतो आणि जीव कानात आणून ऐकतो. पहिल्या रविवारी मला काहीच कळलं नव्हतं. आता कळतं.

"भांडत्यात अजून?"

"अजून. जरा वर घ्या."

ते खुंटी किंचित पिळतात. पुन्हा छेडतात. थरथर संथ होत जाते, होत जाते, आणि एका क्षणी खोलीत एकच आवाज उरतो, सरळ, स्वच्छ, मला ऐकू येणारा आणि त्यांना न येणारा.

"मिटलं," मी म्हणतो.

देवळात प्रसाद घेताना पुजाऱ्याचं तोंड बघणारा हा माणूस खुंटीवरचा हात काढतो. पुन्हा विचारत नाही.